राहून गेलेलं राष्ट्रगीत

व्हॉल्यूम काकांचा स्वतःचा आवाज अगदी बारीक आहे. समोरच्याला ऐकू जातो, त्याच्या शेजारच्याला जात नाही. कदाचित म्हणूनच त्यांनी जन्मभर इतरांचे आवाज मोठे करायचा धंदा केला. लग्न, सभा, शाळेचं संमेलन, दुकानाचं उद्घाटन, शोकसभा. जिथे चार माणसं जमून पाचव्याचं ऐकणार, तिथे काकांचे काळे बॉक्स आधी पोचलेले असत.

त्यांच्या दुकानाच्या वर एक खोली आहे. तिथे मी भाड्याने राहतो. साहित्यात पदवी घेतली आहे आणि शिकवण्या करतो. पहिल्या दिवशी काकांनी विचारलं, "काय शिकलात?" मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे वाचता." मग जरा थांबून, "हरकत नाही. सुटेल सवय." तेव्हापासून ते मला साहित्यिक म्हणतात आणि मी रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानात, गुंडाळलेल्या वायरींच्या ढिगावर बसून चहा पितो. ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. मैत्रीला त्याची अडचण झाली नाही.

कामात काका चोख. माइक तपासताना ते "हॅलो, हॅलो" कधीच म्हणत नसत. त्यांचं म्हणणं, हॅलो सगळेच ओरडून म्हणतात, त्यावरून माइक कळत नाही. ते कुजबुजत. "मीठ कमी पडलंय," असं काहीतरी. रिकाम्या मैदानात शेवटच्या खुर्चीपर्यंत मीठ कमी पडलेलं स्पष्ट ऐकू गेलं की माइक पास. भाषणाच्या मध्येच एखादा माइक शिट्टी मारू लागला तर काकांचा चेहरा असा होई, जणू पाहुण्यांसमोर घरातलंच कुणी ओरडलं. "माझ्या मशीनने मला कधी खाली बघायला लावलं नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य.

असा हा माणूस सामना सुरू झाला की निराळा होई.

सामना कशाचाही चाले. समोर सीमेपलीकडचा देश असला म्हणजे झालं. हॉकी, बॅडमिंटन, एकदा तर होड्यांची शर्यत होती. काका दुकानाच्या दारात मोठा पडदा लावत, दोन्ही बाजूंना बॉक्स उभे करत आणि अख्खी गल्ली रस्त्यात खुर्च्या टाकून बसे. त्या शर्यतीत सलूनवाला ज्या होडीसाठी घसा फोडून ओरडला ती पलीकडच्यांची निघाली. त्याने डोळे चोळले. मग म्हणाला, "पाण्यात रंग नीट दिसत नाही."

आणि या सगळ्यात काकू.

काकू पलीकडच्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे सहज जात-येत. पुढे ते आटलं. आता परवाना लागतो आणि बस आठवड्यातून एकदाच सुटते. काकूंचं माहेर कुठलं हे गल्लीला माहीत होतं आणि गल्ली ते एरवी विसरलेली असे. सामन्याच्या दिवशी तेवढी आठवण होई.

"काय काकू, आज कुणाकडून?" सायकलवाला दर वेळी विचारी.

"चहा कुणाकुणाला हवाय? हात वर करा," काकू म्हणत.

सगळे हात वर होत. विषय संपे. वर्षानुवर्षं हाच प्रश्न आणि हेच उत्तर. मला ती गंमत वाटे.

यंदा आमच्या गावात वेटलिफ्टिंगची स्पर्धा आली. शेजारच्या देशांची, महिलांची. आंतरराष्ट्रीय म्हणावं असं काही गावाला पहिल्यांदाच मिळत होतं. रस्त्यांमधल्या कठड्यांना रंग लागला. क्रीडागृहातल्या नळांना पाणी आलं. आणि साउंडचं काम व्हॉल्यूम काकांना मिळालं.

क्रीडा अधिकारी स्वतः दुकानात आला. त्याच्या गळ्यात शिट्टी होती. कशासाठी ते कळलं नाही. त्याने काकांच्या हातात एक पेनड्राइव्ह दिला. "यात सगळ्या देशांची राष्ट्रगीतं आहेत. प्रत्येक वजनगटात जी जिंकेल तिच्या देशाचं लावायचं. झेंडा वर जाईल, त्याच्याबरोबर. बाकी काही नाही."

"आपलं आहे ना यात?"

"आहे की."

"मग बाकीची कशाला?"

अधिकारी हसला. काका हसले नाहीत.

पुढचे काही दिवस काकांनी आपलं राष्ट्रगीत इतक्या वेळा वाजवून पाहिलं की गल्लीतून चालणं अवघड झालं. जाणारा-येणारा थबकून ताठ उभा राही, संपलं की निघे, आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत पुन्हा सुरू होई. पोस्टमनने रस्ता बदलला. मेडिकलवाला एकदा तक्रार करायला आला. पण आपण नेमकी कशाबद्दल तक्रार करतोय हे वाक्याच्या मध्यावर त्याच्या लक्षात आलं. "आवाज छान लागलाय," असं म्हणून तो परत गेला.

बाकीच्या देशांची गीतंही काकांनी एकेकदा ऐकली आणि लॅपटॉपवर भरून घेतली. "बरं आहे, पण ढोल फार," असा शेराही मारला. एक तेवढं बाजूला ठेवलं.

काकू आतल्या दाराशी उभ्या होत्या. "ते एक राहिलं ना?"

"कुठलं?" काकांना कुठलं ते पक्कं ठाऊक होतं.

"आमचं."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"त्याला वेळ आहे."

"वाजवून तरी बघा. आयत्या वेळी घोळ नको."

"अगं, लागणारच नाही ते. आणि आधीच वाजवून ठेवायचं म्हणजे आपणच त्यांना या म्हणून सांगायचं. अपशकुन नुसता." त्यांनी पेनड्राइव्ह खणात टाकला आणि खण ढकलला.

काकू आत गेल्या. आतून भांडी लावल्याचा आवाज आला. नेहमीपेक्षा जपून लावल्याचा.

स्पर्धा सुरू झाली. पहिले काही दिवस काकांच्या मनासारखे गेले. पलीकडच्या मुली दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या, एकीचं मनगट दुखावलं. पहिली कुणीच आली नाही. "बघितलंत साहित्यिक?" काका म्हणाले. "भरून ठेवलं असतं तर आली असती."

शेवटच्या दिवशी सगळ्यांत वरचा वजनगट होता आणि त्यात आपली मुलगी होती. तिच्या आजवरच्या पदकांबद्दल आमच्या गल्लीला आदल्या दिवशीपर्यंत काहीही माहिती नव्हती. त्या दिवशी मात्र ती सगळ्यांची लेक झाली होती. काकांनी गल्लीभर पास वाटले. काकूंना दुसऱ्या रांगेत बसवलं आणि झेंड्याच्या रंगांचा स्कार्फ स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यात घातला. मला त्यांच्या टेबलाशेजारी, मिक्सरजवळ, खुर्ची मिळाली.

आपली मुलगी शेवटच्या उचलीला आली. सभागृह चिडीचूप झालं. तिने दांडा छातीपर्यंत घेतला, मग डोक्यावर नेला, आणि तिचा एक कोपर लवला. वजन मागे आदळलं. मग पलीकडची आली. बुटकी, गालाला खडूची पावडर लागलेली. निवेदिकेने तिचं नाव आणि गाव सांगितलं. गाव ऐकून काकू खुर्चीत पुढे सरकून बसल्या. मुलीने दांडा उचलला. डोक्यावर धरला. धरूनच राहिली. पंचांचे तिन्ही पांढरे दिवे लागले, म्हणजे उचल मान्य झाली.

टायरमधली हवा सुटावी तसा सभागृहातून आवाज निघाला. लोक उठून दाराकडे निघाले. दारं बंद होती. टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून अधिकाऱ्याने बाहेरून कड्या लावून घेतल्या होत्या. लोक परत येऊन बसले. पराभव खिलाडूपणे बघायला लागणार होता.

तिघी मुली चौथऱ्यावर उभ्या राहिल्या. मधे ती. पदकं घालून झाली. निवेदिका म्हणाली, "आता विजेत्या देशाचं राष्ट्रगीत. कृपया सर्वांनी उभं राहावं."

काकू उभ्या राहिल्या. मेडिकलवाल्याच्या बायकोने त्यांचा हात ओढला. "अहो बसा, आपलं नाहीये ते."

मी काकांकडे पाहिलं. ते लॅपटॉपकडे बघत होते. फायलींची यादी वर नेत होते, खाली आणत होते. पुन्हा वर. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहित्यिक, ते खणात आहे."

झेंडा हातभर वर जाऊन थांबला होता. दोरी धरलेला माणूस सुरांची वाट बघत होता. अधिकारी लांबून दोन्ही हात हलवत होता, लावा, लावा. काकांच्या बॉक्समधून नुसती हलकी घरघर येत होती. इतकी स्वच्छ शांतता ते बॉक्स पहिल्यांदाच वाजवत होते.

मग मागून सलूनवाला ओरडला, "शाब्बास काका! वाजवायचंच नाही!"

आधी एक टाळी. मग चार. मग सगळं सभागृह. लोक आता उभे राहिले. हरलेली माणसं इतक्या झटपट जिंकलेली मी पाहिली नव्हती.

चौथऱ्यावरची मुलगी इकडेतिकडे बघत होती. मग तिचे ओठ हलू लागले. ती गात होती. तिच्यापुढे माइक नव्हता, आणि टाळ्यांत काही ऐकूही आलं नाही. तिच्या शेजारी आपली मुलगी, दुसऱ्या क्रमांकाचं पदक घालून, हात सरळ सोडून ताठ उभी होती. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात याबद्दल काही नव्हतं. काकांबद्दल होतं.

सभागृहातून काकांना लोकांनी खांद्यावर बसवून बाहेर नेलं. हातात माउस तसाच होता. त्याच्या वायरीने लॅपटॉप ओढला गेला आणि खाली पडला. एरवी काकांनी त्याच्यामागे उडी टाकली असती. ते खांद्यावरून मागे वळून लॅपटॉपकडे बघत राहिले आणि पुढे लोकांना हात करत राहिले.

क्रीडा अधिकारी दुसऱ्या दिवशी दुकानात आला. शिट्टी नव्हती. "वरून लेखी खुलासा मागितलाय. 'तांत्रिक बिघाड' असं लिहून द्या. मिटेल."

"बिघाड?" काकांचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "माझ्या मशीनमध्ये?"

"अहो, लिहायला काय जातंय."

"मशीन ठणठणीत होतं. बॉक्सला हात लावून बघा. मी असलं लिहून देणार नाही."

"मग मुद्दाम केलं असं लिहू?"

"मुद्दाम कसं? भरायचं राहून गेलं."

अधिकाऱ्याने त्यांच्याकडे थकून पाहिलं. "काका, बिघाड म्हणा. नाहीतर देशप्रेम म्हणा. दोन्हींसाठी जागा आहे. राहून गेलं असं काही नसतं."

गल्लीने मात्र अधिकाऱ्याची वाट पाहिली नाही. रविवारी चौकात सत्कार ठरला. फलक लागला. त्यावर "शत्रूचे सूर रोखणारा वाघ" असं लिहून काकांचा फोटो होता. फोटो ओळखपत्रावरून घेतला होता. त्यात काका घाबरलेले दिसतात.

शनिवारी संध्याकाळी मी नेहमीसारखा वायरींवर बसलो होतो. काकूंनी चहा आणला. मला दिला. काकांचा कप हातातच धरून उभ्या राहिल्या.

"राहून गेलं की मुद्दाम ठेवलंत?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते आजवर कुणी विचारलं नाही. आता मी विचारतेय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. "राहून गेलं," ते पुटपुटले.

"हे मला घरात सांगून काय उपयोग? ती पोर तिथे सगळ्यांसमोर उभी होती. उद्या चौकात सांगा. चौकात जे म्हणाल ते मी खरं धरीन. मुद्दाम म्हणालात तर मी भावाकडे जाते. परत यायची नाही."

साखर संपलीय, आणायला हवी, अशा सुरात त्या बोलल्या. मग कप काकांच्या हातात दिला. काका मला म्हणाले, "थट्टा करतेय." काकूंना थट्टा करताना मी पाहिलं नव्हतं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आपल्या सत्काराचा साउंड काकांनी स्वतःच लावला. दुसऱ्याच्या मशीनवर भरवसा नाही म्हणाले. चौक भरला होता. काकू मेडिकलच्या पायरीवर उभ्या होत्या. नगरसेवकाने लांबलचक भाषण केलं. त्याच्या भाषणात काकांनी शत्रूच्या छातीवर पाय दिला, शत्रूची झोप उडवली आणि लॅपटॉप एका हाताने बंद केला. मग पुष्पगुच्छ दिला, काचेच्या चौकटीतलं सन्मानचिन्ह दिलं, आणि काकांना माइकसमोर उभं केलं.

आयुष्यभर दुसऱ्यांसाठी माइक लावलेला माणूस माइककडे अनोळखी वस्तूसारखा बघत होता.

"एक सांगतो," काका म्हणाले. "ते मी मुद्दाम थांबवलं नाही. भरायचं राहून गेलं. चूक झाली."

चौक गप्प झाला. मी पायरीकडे पाहिलं. काकूंनी डोळे मिटले होते आणि त्यांचे खांदे खाली आले होते, जड पिशवी ठेवल्यावर येतात तसे. काका घाबरट आहेत असं मला वाटे. त्या क्षणी वाटलं नाही.

मग सलूनवाला खदखदून हसला. "ऐकलंत का? राहून गेलं म्हणे!"

नगरसेवक घाईने माइककडे वाकला. "मित्रहो, चौकशी चालू आहे. काकांना असंच बोलावं लागणार. समजून घ्या!" आणि त्याने सबंध चौकाला डोळा मारला.

चौक समजला. अशी शिट्ट्या-टाळ्यांची लाट उठली की खांबावरची कबुतरं उडाली.

"नाही हो," काका कळवळून म्हणाले. "खरंच. राहून गेलं."

आणखी मोठी लाट. "पुन्हा! काका, पुन्हा!"

काकांनी समोर पाहिलं. इतकी माणसं आणि सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. त्यांनी माइक जरा जवळ ओढला, बरोबर जितका ओढायचा तितका. थांबले. किती थांबायचं हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? या भाषणांच्या मागे त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"भरायचं होतं हो मनात," ते म्हणाले. हात वर नेला. "पण..."

"राहून गेलं!" चौक गरजला.

मी पायरीकडे पाहिलं. काकू निघून चालू लागल्या होत्या.

सामान आवरून आम्ही घरी आलो. काकू दुकानातच बसल्या होत्या.

"सांगितलं की नाही?" काका म्हणाले. "चूक झाली असंसुद्धा म्हणालो. साहित्यिक साक्षीला आहेत."

"पहिल्यांदा म्हणालात ते मी धरलं होतं. तिसऱ्यांदा तुम्हीच ते परत घेतलंत."

"शब्द तेच होते!"

"हो. शब्द तेच होते."

"लोक ऐकेचनात, त्याला मी काय करू?"

"माइक बंद करायचा. बटण तुमच्याच हातात होतं ना?"

काका बॉक्सची धूळ पुसू लागले. बॉक्सवर धूळ नव्हती.

"परवान्यासाठी मी उद्या अर्ज करते," काकू म्हणाल्या. "मंजूर होऊन यायला वेळ लागतो म्हणे. तेवढ्यात त्या पोरीला दोन ओळी लिहा. चूक झाली, माफ कर, एवढंच. लिहून टाकलंत की अर्ज मागे घेते. यापेक्षा सोपं मला करता येणार नाही."

दोन ओळी मी लिहून दिल्या. "तुमचं राष्ट्रगीत लावणं माझं काम होतं. ते मी केलं नाही, त्याबद्दल माफ करा." काकांनी फक्त सही करायची होती. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. "छान लिहिलंय. माफ जरा कडक वाटतं. दुसरा शब्द बघा."

मी 'माफ करा'च्या जागी 'दिलगीर आहे' केलं.

"हे फारच सरकारी झालं." कागद त्यांनी अॅम्प्लिफायरखाली सरकवला. "बघू. घाई काय आहे?"

घाई नव्हतीच. काका कामात होते. रोज कुठूनतरी बोलावणं यायचं. कॉलेजात, व्यायामशाळेत, दोन बँकांच्या शाखांत. सगळीकडे त्यांनी तेच वाक्य म्हणायचं आणि शेवटचे दोन शब्द लोकांनी पुरे करायचे. छातीवर "राहून गेलं" छापलेले टी-शर्ट निघाले. माझ्या शिकवणीतल्या मुलांनी निबंध आणले नाहीत आणि कारण एका सुरात सांगितलं. आमच्या कोपऱ्यावरचा दिवा बंद पडला. वायरमनला विचारलं तर तो छाती पुढे काढून म्हणाला, "राहून गेलं!" आजूबाजूच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. नगरपालिकेत मला एक दाखला हवा होता. कारकुनाने खिडकीतून माझ्याकडे देशभक्तीने पाहिलं. मी न विचारताच परत आलो. न केलेल्या कामांचा इतका अभिमान मी एका गावात एकदम पाहिला नव्हता.

काकू रोज एकदा विचारत. "लिहिलंत?"

"आज करतो."

मग त्या विचारायच्या थांबल्या. ते काकांना सोयीचं वाटलं. "निवळली," ते मला म्हणाले.

परवाना आला तेव्हा काका कुठल्याशा क्लबच्या कार्यक्रमाला निघाले होते. स्वयंपाकघराच्या दारात एक पाय बुटात घालून उभे होते. मी आत टेबलाशी बसलो होतो. काकूंनी परवान्याचा कागद माझ्यासमोर ठेवला. मला वाचायला नाही, काकांना दिसायला. त्यावर शिक्का होता.

"शेवटचं विचारते," त्या म्हणाल्या. "लिहिलंत?"

"राहून..." काका म्हणाले.

आणि थांबले. मुद्दाम थांबले नसावेत. पण थांबायची जागा तीच होती. हातसुद्धा थोडा वर गेला होता.

"गेलं," काकू म्हणाल्या.

टाळ्या पडल्या नाहीत. नळ ठिबकत होता तेवढा ऐकू आला. काकांचा चेहरा मी नीट पाहिला. भर सभेत माइकने शिट्टी मारावी तसा तो झाला होता. ते घाईघाईने दुकानात गेले, अॅम्प्लिफायर उचलला, कागद काढला, सही केली आणि एका पायात बूट घालून लंगडत परत आले. "ही घे. केली. आत्ताच टाकतो पोस्टात."

"टाका," काकू म्हणाल्या. "तिला मिळायला हवीच ती. पण आता ती माझ्यासाठी नाही."

त्या दिवशी काका क्लबला गेले नाहीत. पत्र मात्र खरोखरच टाकून आले. मी बरोबर होतो. पेटीत कागद पडल्यावरही हात आत घालून तो नक्की पडला ना, हे ते चाचपत राहिले.

बसच्या दिवशी आम्ही दोघं काकूंना पोचवायला गेलो. बॅग काकांनी घेतली. बॉक्स उचलतात तशी, गुडघे वाकवून, कंबर सांभाळून. वाटेत मेडिकलवाला दारात उभा होता. त्याने काकूंकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि काकांना हळूच म्हणाला, "पाठवताय परत? सोपं नाही हो हे. मानलं तुम्हाला." काकांनी तोंड उघडलं. त्यांचा आवाज बारीक आहे, हे मी सांगितलंय. ते काय म्हणाले ते मलाही ऐकू आलं नाही. मेडिकलवाल्याने आदराने मान हलवली.

बसस्टँडवर गर्दी नव्हती. त्या बसला नसतेच. काकू खिडकीशी बसल्या. काका खिडकीखाली उभे राहिले.

"पाण्याची बाटली वरच्या कप्प्यात आहे," ते म्हणाले.

"बघितली."

"पोचल्यावर फोन कर."

"करीन. जेवण करून ठेवलंय दोन दिवसांचं. नंतरचं बघा."

"मी येऊन जाईन तिकडे," काका म्हणाले. "परवाना काढतो."

काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "काढा," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. बस मागे सरकली, वळली. काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला. निरोपाचा. काका दोन पावलं बसच्या मागे गेले.

तेवढ्यात रस्त्यावरून आमच्या गल्लीतला सायकलवाला कुणालातरी मागे बसवून चालला होता. त्याला काका दिसले. हँडलवरचा हात काढून तो जोरात ओरडला, "काका! राहून गेलं!"

काकांचा हात वर गेला. सायकलकडे. चेहऱ्यावर सत्कारातलं हसू आलं होतं. ते आलंय हे त्यांना कळायच्या आतच ते आलं होतं. त्यांनी हात झटकन खाली घेतला आणि बसकडे वळले.

खिडकी दिसत होती. काकूंचा हात आत गेला होता.